एकोणतीस इंची टीव्ही आणि चिपळूणचा पंच

मी नागपूरला न्यायदान करायला गेलो होतो. परत आल्यापासून हे वाक्य मी चिपळुणात भेटेल त्याला ऐकवतो. समोरचा दचकतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, "कोर्टाचं काही लफडं?" मग मी चष्मा काढतो, सावकाश पुसतो, पुन्हा लावतो आणि सांगतो, "नाही. व्हिडिओ गेमचं."

माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि वय पन्नाशीच्या पुढे. या वयात लोक गुडघ्यांबद्दल बोलतात. मी टीव्हीला जोडून खेळायच्या खेळांबद्दल बोलतो. असं बोलणारी महाराष्ट्रभर बरीच माणसं आहेत आणि फोनवरच्या एका ग्रुपमध्ये आम्ही सकाळपासून एकमेकांशी भांडत असतो. भांडण एकच. जुन्या गटाची माणसं जाड प्लॅस्टिकच्या कॅसेट घालून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे खेळ खेळतात आणि त्यानंतर जगात काही चांगलं झालंच नाही असं मानतात. नव्या गटाची माणसं असे खेळ खेळतात ज्यांत घोड्याच्या मानेवरचा घामसुद्धा दिसतो. मी दोन्ही खेळतो आणि दोन्हींना नावं ठेवतो, त्यामुळे मला शिव्या दोन्हीकडून मिळतात.

याच गुणावर माझी निवड झाली. एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी फोन आला.

"प्रमोदभाऊ बोलून राहिलो, नागपूरवरून. ग्रुपमधला. एक पंच पाह्यजे होता जी."

"कसला पंच?"

"घरात केस झाली. इथले सगळे कोणाच्या ना कोणाच्या बाजूचे आहेत. तुम्ही कोणाचेच नाही."

केस अशी होती. प्रमोदभाऊंचं इतवारीत भांड्यांचं दुकान आणि धंतोलीत घर. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा एकोणतीस इंची डबा टीव्ही, त्याला जोडलेली जुनी यंत्रं आणि कॅसेटचं कपाट. त्याच खोलीत दुसऱ्या टेबलावर त्यांच्या मुलीचा, गार्गीचा, पातळ नवा टीव्ही आणि नवं यंत्र. आता घरात पाहुणे आलेले, त्यांच्यासाठी खोलीत पलंग टाकायचा होता. प्रमोदभाऊंच्या पत्नीने, मंदाताईंनी, हुकूम काढला होता : दोहोंपैकी एक टीव्ही खोलीबाहेर. कोणता, ते तुमचं तुम्ही ठरवा. डबा बाहेर गेला तर थेट भंगारात, कारण तो ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती.

मी बायकोला सांगितलं, "मला निवाड्यासाठी बोलावलंय." ती म्हणाली, "येताना संत्र्याची बर्फी आणा." कोकणात न्यायदानाला फारशी किंमत नाही.

धंतोली, शुक्रवार

चिपळुणात उन्हाळ्यात माणूस भिजतो आणि वाळत नाही. नागपुरात तो भिजायच्या आत वाळतो. स्टेशनबाहेर पाय ठेवला आणि कोणी तरी भट्टीचं दार उघडून माझं स्वागत केलं असं वाटलं. प्रमोदभाऊ स्कूटर घेऊन आले होते. डोक्याला, कानाला, नाकाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. न्यायाधीशाचं अपहरण व्हावं तसा मी त्यांच्या मागे बसलो.

धंतोलीत दवाखान्याला चिकटून दवाखाना आहे. गल्लीत दर दुसऱ्या माणसाच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, उरलेल्यांच्या हातात जेवणाचे डबे. प्रमोदभाऊंनी स्कूटर लावता लावता सांगितलं, "इथं घर असणं म्हणजे धर्मशाळा असणं. काटोलपासून वणीपर्यंत कोणाचंही हाड मोडू द्या, मंदाच्या हाताले पोळ्या लागते."

यावेळी हाड मंदाताईंच्या काकांचं होतं. समोरच्या दवाखान्यात त्यांच्या गुडघ्याची वाटी बदलली होती आणि त्यांच्यासोबत काटोलकडच्या गावातून शांताकाकू आल्या होत्या. त्या दिवाणखान्यात सतरंजीवर बसून संत्री सोलत होत्या. स्वतःच्या बगिच्यातली.

"तुम्ही डॉक्टर का?" त्यांनी विचारलं.

"नाही, पंच."

"मंग कोणाची सोयरीक मोडली?"

"टीव्हीची," मंदाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या बाहेर आल्या, माझ्या हातात पाणी दिलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. उंच, शांत बाई. त्या माझ्याशी कमी बोलल्या. ही बाई कमी का बोलते, हा प्रश्न मी तेव्हाच स्वतःला विचारायला हवा होता. पण मी संत्रं खात होतो.

मागच्या खोलीकडे एक बोळ जातो. तीन वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या सोयीसाठी मंदाताईंनी त्या बोळात न्हाणीघर बांधून घेतलं, त्यामुळे बोळ आता थोडा सरळ जातो आणि मग काटकोनात वळतो. वळणावर माझं पोट एका भिंतीला लागलं आणि पाठ दुसऱ्या. "श्वास आत घ्या अन् मग वळा," प्रमोदभाऊ म्हणाले. घेतला आणि वळलो.

आत गेल्यावर पोट विसरलो. खिडकीत कूलर घोंघावत होता आणि खसच्या ताट्यांचा ओला वास खोलीभर पसरला होता. कोपऱ्यात तो टीव्ही होता. पोत्यासारखं कुबड मागे टाकून, काचेचं पोट पुढे काढून, संस्थानिकासारखा बसलेला. डोक्यावर विणलेला रुमाल. कपाटात कॅसेट ओळीने उभ्या. आमच्याकडे कॅसेटला गंज चढतो, पावसाळ्यानंतर निम्म्या चालत नाहीत; मी त्या चष्म्याच्या काचा पुसायच्या पाण्याने साफ करतो. इथे कॅसेट कोरड्या ठणठणीत, फक्त उन्हाने पिवळ्या पडलेल्या. मला हेवा वाटला.

तिथे बबलूभाऊ बसलेले होते. सदर भागात मोबाइलचं दुकान असलेले हे गृहस्थ जुन्या गटाचे सरसेनापती. त्यांनी ओळख करून न घेता माझ्या हातात प्लॅस्टिकची बंदूक दिली.

"मारा."

पडद्यावर पाखरं उडत होती. मी नेम धरला, चाप ओढला, पाखरू पडलं. तीस वर्षांत इतका आनंद मला कशानेही झाला नव्हता, पण पंचाने चेहरा दगडाचा ठेवायचा असतो.

"आता तिकडे जोडू," बबलूभाऊंनी वायर काढून पातळ टीव्हीला लावली. "मारा."

मारलं. पाखरू उडतच राहिलं. पुन्हा मारलं. मग जवळ जाऊन बंदुकीची नळी पाखराच्या पोटाला टेकवली. ते माझ्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेलं.

"या बंदुकीले डब्याचाच उजेड कळते. नव्या टीव्हीले ती वळखतच नाही," बबलूभाऊ विजयी सुरात म्हणाले. "डबा भंगारात गेला तं बंदूकही गेली. संपूर्ण नागपुरात आमच्या ग्रुपकडे एवढाच चालू डबा राहिला आहे. विचार करून निकाल द्या जी."

सदर, शनिवार सकाळ

पंचाला खाऊ घालू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही, हे नागपूरकरांनी शोधून काढलं आहे. सकाळी बबलूभाऊ मला सदरला तर्री-पोहे खायला घेऊन गेले. आमच्याकडे पोहे म्हणजे वर ओलं खोबरं, बाजूला लिंबाची फोड, आणि खाणाऱ्याला कसलाही धोका नाही. इथे पोह्यांवर लाल तर्री ओततात, त्यात हरभरे पोहत असतात. पहिल्या घासाला कान गरम झाले. दुसऱ्या घासाला आपण कोणत्या गटाचे आहोत हे विसरलो.

बबलूभाऊ माझ्या डोळ्यांतल्या पाण्याकडे समाधानाने बघत होते.

"पाहा, जुना खेळ म्हणजे कॅसेट टाकली, बटण दाबलं, सुरू. नव्याचं काय? विकत घ्या, घरी आणा, मग तो म्हणते थांबा, मी अजून पूर्ण झालो नाही, डाउनलोड होऊन राहिलो. अबे, पूर्ण नाही झाला तं बाजारात काहून आला?"

"पण तुमच्या कॅसेटवर नऊशे नव्व्याण्णव खेळ लिहिलेले असतात आणि आत सातच निघतात," मी म्हणालो.

"ते सात तरी पूर्ण असते ना!"

मी आणखी एक प्लेट मागवली. पंचाने पुरावा पुन्हा तपासून पाहावा.

पुन्हा धंतोली, दुपार

दुपारी गार्गी आली. पंचविशीतली, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. ऑफिस गावाबाहेर पडतं म्हणून दोन मैत्रिणींसोबत तिकडेच राहते आणि दर रविवारी घरी येते. यावेळी खटला होता म्हणून शनिवारीच आली. आल्या आल्या शांताकाकूंना नमस्कार, आईला हाक, आणि बोळातून न अडखळता मागच्या खोलीत. तिला वळणावर श्वास आत घ्यावा लागत नाही.

"काका, मी तुम्हाला काही खाऊ घालणार नाही," ती म्हणाली. "फक्त दाखवणार."

तिने दाखवलं. एक मोठं शहर, पाऊस, ओल्या रस्त्यावर दिव्यांचे रंग. मी चष्मेवाला माणूस, धूसर जगातून लोकांना बाहेर काढणं हा माझा धंदा; इतकं स्वच्छ चित्र पाहून मला गिऱ्हाइकांची काळजी वाटली. मग तिने वायर बदलून बाबांचा जुना खेळ त्याच टीव्हीवर लावला. सगळं चौकोन-चौकोन. रांगोळीच्या ठिपक्यांनी युद्ध पुकारावं तसं.

"आणि हेच डब्यावर छान दिसतं, कारण डबा धूसर आहे. चष्मा काढून बघितल्यासारखं. बाबा त्याला कला म्हणतात."

"तू काय म्हणतेस?"

"मी नंबर तपासून घ्या म्हणते." मग ती हसली. "आणि बबलूकाकांचे ते संस्कार! खेळात मेलं की पहिल्यापासून सुरू करायचं. का? तर आम्ही तसंच केलं. माझ्या खेळात जिथे थांबले तिथून पुढे जाता येतं. ऑफिस आहे मला."

"बाबा तुझा नवा खेळ खेळतात का?"

"खेळतात ना. या शहरात गाड्या पळवायच्या, पाठलाग करायचा, केवढं काय काय करायचं असतं. बाबा गाडी घेतात आणि लाल सिग्नलला थांबतात. मागून पोलीस गोळ्या झाडतात, बाबा हिरव्याची वाट पाहतात. खऱ्या नागपुरात एकही सिग्नल पाळत नाहीत, इथे मात्र पाळतात. दर रविवारी दोन तास मी त्यांच्या बाजूला बसून शहरातून फिरते. काहीच होत नाही. मला वेड लागायचं बाकी आहे."

"मग तुला निकाल काय हवा?"

"मला जिंकायचंय," ती म्हणाली. "आमच्याकडे दुसरा काही पर्याय नसतो. लहानपणी बाबा मला एकदाही मुद्दाम जिंकू द्यायचे नाहीत."

स्पष्ट बोलणारा पक्षकार पंचाला फार आवडतो. मी मनात तिच्या नावापुढे एक खूण केली, मग बंदूक आठवली आणि खोडली.

इतवारी, शनिवार संध्याकाळ

ऊन कलल्यावर प्रमोदभाऊंनी मला इतवारीत नेलं. हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं, आणि या सगळ्यांतून सहज चालत जाणारी एक गाय, जिला पंच म्हणून नेमायला हवं होतं. प्रमोदभाऊंचं दुकान म्हणजे तळापासून छतापर्यंत गंज, म्हणजे आपली पातेली, पराती, कढया. बोललं की प्रत्येक शब्दाला मागून बारीक घंटा वाजते. मला तिथे एखादं स्वगत म्हणायची फार इच्छा झाली आणि गिऱ्हाईक नाही असं पाहून मी थोडं म्हटलंही. परातींनी दाद दिली.

तिथून आम्ही सावजी खानावळीत गेलो. सावजीचं मटण काळसर लाल असतं आणि तेलाच्या थराखाली शांत पडून असतं, झोपलेल्या वाघासारखं. माझ्या कोकणी जिभेने आयुष्यभर नारळाच्या रसात पोहून काढलं आहे. पहिल्या घासानंतर मी काही बोललो नाही. दुसऱ्या घासानंतर बोलताच आलं नाही. प्रमोदभाऊ हीच संधी शोधत होते.

"आता तुम्ही फक्त ऐका," ते म्हणाले. "उद्या निकाल माझ्याविरुद्ध द्या."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"डबा जाऊ द्या. बबलू रडल, रडू द्या. पोट्टीचा टीव्ही खोलीत राह्यला पाह्यजे."

"का पण? तुमचा पंचवीस वर्षांचा टीव्ही..."

"पाहा, ते यंत्र खोलीतून निघालं तं ती ते उचलून मैत्रिणीकडे घेऊन जाईन. मंग रविवारी इकडे कायले येईन? आईच्या पोळ्या खायले? त्या तिले तिकडेही मिळते, फोनवर मागवते. रविवारी ती येते, आम्ही दोघं खोलीत बसतो, ती माझ्यावर चिडते. 'बाबा, सिग्नल तोडा! बाबा, सिग्नल तोडा!'" ते हसले. "मी मुद्दामच तोडत नाही जी. तोडला तं खेळ पुढे जाते. पुढे गेला तं संपते."

आजूबाजूला ताटं वाजत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते मटणाचं होतं, हे मी इथे स्पष्ट करू इच्छितो.

"तुम्ही स्वतःच का नाही सांगत, की डबा काढा म्हणून?"

"मी हरलो असं म्हटलं तं तिले समजून जाईन. ती माझीच पोट्टी आहे. बाहेरच्या माणसानं हरवलं पाह्यजे." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. "आणखी घ्या ना. काय खाऊन राहिले तुम्ही, चिमणीसारखं."

इतिहासात लाच देणारे पुष्कळ झाले. हरवण्यासाठी सावजी मटणाची लाच देणारा एकच, आणि मी त्याच्या समोर घाम पुसत बसलो होतो.

निकाल, रविवार

सकाळी ग्रुपमधली माणसं जमली. मागच्या खोलीत मावतील तेवढी आत, उरलेली बोळात, त्यामागे दिवाणखान्यात शांताकाकू. त्यांना आतलं दिसत नव्हतं, म्हणून बोळातला एक जण त्यांना ओरडून सांगत होता. "आता बबलूभाऊ बोलून राहिले!" "काय म्हणते?" "जुनंच चांगलं म्हणते!" "मंग नवं कायले घेतलं बाप्पा?"

मी शाल मागवली. एप्रिलात नागपुरात शाल मागणारा मी पहिलाच असेन, पण निकाल शालीशिवाय देता येत नाही. मंदाताईंनी कपाटातून काढून दिली आणि पुन्हा काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या.

दोन्ही बाजूंनी मोजमापं मांडली. ग्रुपची माणसं फार काटेकोर आहेत. बटण दाबल्यावर उडी पडायला नव्या टीव्हीवर किती उशीर लागतो हे त्यांनी फोनवर चित्रण करून मोजलं होतं. रंग मोजले होते, वीज मोजली होती, कोणता टीव्ही खोली किती तापवतो हेही थर्मामीटर लावून मोजलं होतं. पलंगाची लांबी-रुंदी टेपने मोजून जमिनीवर खडूने आखली होती. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी उभा राहिलो. प्रमोदभाऊ डब्याच्या रुमालाची घडी सारखी करत होते. गार्गी भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

"दोन्ही बाजू ऐकल्या," मी सुरुवात केली. पुढे मी बराच वेळ बोललो. ते सगळं सुंदर होतं आणि आता कोणालाही आठवत नाही. "डबा जाईल. नवा राहील."

बबलूभाऊ मटकन खाली बसले. प्रमोदभाऊ "ठीक आहे, ठीक आहे" असं कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. गार्गी जिंकली होती, पण उडी मारली नाही. ती डब्याजवळ गेली, त्याच्या काचेवर बोट फिरवलं, आणि धूळ पाहून ते बोट बाबांच्या शर्टाला पुसलं.

"उचला मग," ती म्हणाली.

चार जणांनी उचलला. अशा टीव्हीचं सगळं वजन पुढच्या काचेत असतं, त्यामुळे तो सतत कोणाच्या तरी पायावर तोंडघशी पडायला बघतो. खोलीच्या दारातून आडवा करून निघाला. बोळात शिरला. वळणाशी आला आणि थांबला.

उजवीकडून पाहिलं. डावीकडून पाहिलं. उभा केला, कुबडावर केला. बबलूभाऊ पुढे होते, ते न्हाणीघराच्या भिंतीत चिणले गेल्यासारखे झाले आणि तिथून त्यांचा आवाज आला, "माझा श्वास! श्वास!" मी अनुभवी माणूस म्हणून सल्ला दिला, "टीव्हीला म्हणावं श्वास आत घे." कोणी हसलं नाही. खिडकीतून न्यावा, तर तिथे कूलर आणि बाहेरून भिंतीत पुरलेली लोखंडी जाळी. शेवटी एकाने टेप लावली. वळण टीव्हीपेक्षा चांगलं वीतभर अरुंद निघालं.

या मंडळींनी उडीचा उशीर मोजला होता, विजेचं युनिट मोजलं होतं. बोळ कोणी मोजला नव्हता.

"निघाला का?" मंदाताई चहाचा ट्रे घेऊन बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. ट्रेवर बरोबर सगळ्यांना पुरतील इतके कप होते आणि चहा आधीच ओतलेला होता.

"निघत नाही वं," शांताकाकू मागून म्हणाल्या. "मले इथूनच दिसून राहिलं."

"नाहीच निघणार," मंदाताई म्हणाल्या. "न्हाणीघर बांधलं तेव्हा गवंडी बोलला होता. बाई, आतला टीव्ही मग बाहेर नाही यायचा. मी म्हटलं, काढायचा आहे कोणाले?"

प्रमोदभाऊंनी टीव्हीच्या कुबडाआडून डोकं वर काढलं. "तुले माहीत होतं? अन् तू आमच्याकडून भांडणं करून घेतली? चिपळूणवरून माणूस बोलावला!"

"माणूस तुम्ही बोलावला. मी फक्त म्हटलं, दोनापैकी एक बाहेर. बाहेर येण्यासारखा एकच होता."

"मग सरळ सांगायचं ना, आई," गार्गी म्हणाली, "की माझा टीव्ही दिवाणखान्यात हवाय."

"सांगून पाहिलं," मंदाताई म्हणाल्या. "दर रविवारी तू येते, नमस्कार करते अन् वळणावरून आत. मंग तुम्ही दोघं अन् तो कूलर. मी इकडे. जेवायले हाक मारली तं आतून येते, 'दोन मिनिटं.' सांगितलेलं ऐकायले बाहेर कोणी होतं का?"

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. चहा गार होईल अशा सुरात म्हणाल्या. टीव्ही अजून चार माणसांच्या हातात होता आणि चौघांनाही तो खाली ठेवायला सुचत नव्हतं. शेवटी प्रमोदभाऊच म्हणाले, "ठेवा रे. परत ठेवा."

माझा निकाल अशा रीतीने अमलात येण्याआधीच एका न्हाणीघराने फिरवला. मी शाल घडी घालून परत केली. मंदाताईंनी ती घेताना पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसून विचारलं, "सावजी कसं वाटलं?" त्यांना ती लाचसुद्धा ठाऊक असावी.

पुढचं सोपं होतं. पातळ टीव्ही एका माणसाने बगलेत धरून वळणावरून नेला. दिवाणखान्यात सतरंजीसमोर ठेवला, यंत्र जोडलं. मागच्या खोलीत खडूच्या रेषेत पलंग बसला, डब्याच्या शेजारी. शांताकाकूंनी पलंगावर बसून पाहिलं, कूलरची झुळूक घेतली, आपल्या दोन गोधड्या डब्याच्या डोक्यावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "चांगलं फडताळ आहे." मग दार लोटून झोपल्या.

त्यामुळे बबलूभाऊ आणि प्रमोदभाऊ, टीव्ही वाचलेला असूनही, त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हते. आत बाईमाणूस झोपलेलं. बबलूभाऊ दाराशी थोडा वेळ घोटाळले आणि सदरला परत गेले.

जेवण झाल्यावर गार्गीने शहर सुरू केलं. प्रमोदभाऊ बोळाच्या तोंडाशी उभे होते, एक पाय बोळात, एक दिवाणखान्यात.

"बाबा, या," ती म्हणाली. "गाडी घ्या."

ते आले, सतरंजीवर बसले, गाडी घेतली. पहिल्याच चौकात लाल सिग्नल. थांबले. मागून पोलिसांच्या गाड्यांचे भोंगे. मंदाताई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

"काहून थांबले तुम्ही?"

"लाल आहे."

"आपल्या चौकात कधी थांबले का? तोडा ना!"

"हेच मी वर्षभर सांगतेय!" गार्गी ओरडली.

"सरका," मंदाताई म्हणाल्या, आणि त्या दोघांच्या मधे बसल्या. "मले द्या ते."

त्यांनी सिग्नल तोडला. त्यापुढचे तीनही तोडले. एक फळांची गाडी उडवली, एक पूल ओलांडला, आणि शहराच्या अशा भागात पोचल्या जो प्रमोदभाऊंनी वर्षभरात पाहिला नव्हता. ते पडद्याकडे कमी आणि बाजूला जास्त बघत होते. मी कोपऱ्यात बायकोसाठी घेतलेला बर्फीचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. पंचाचं तिथे काही काम उरलं नव्हतं.

चिपळूण

सावजीतलं गुपित मी लिहायला नको होतं. पण मंदाताईंना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "लिहा. त्या पोट्टीले सोडून सगळ्यांले माहीत आहे, अन् ती काही वाचत नाही." त्यांनी हेही सांगितलं की काका आता काठी घेऊन चालतात, शांताकाकू गावी परतल्या, पण पलंग तिथेच ठेवला आहे, कारण धंतोलीत पलंग रिकामा राहत नाही. आणि गार्गी आता शनिवारीच येते. खेळातल्या शहराचा बराच भाग बाकी आहे आणि तिची आई तो तिच्याशिवाय बघून टाकते, अशी तिची तक्रार आहे.

मी घरी पोचल्यावर बर्फी बायकोच्या हातात दिली, टेप काढली आणि माझ्या खेळांच्या खोलीचा दरवाजा मोजायला लागलो. ती बर्फी खात दारात उभी राहिली.

"काय चाललंय?"

"काही नाही. बघतोय, यातून काय बाहेर येतं."

"तुम्ही याल का?" तिने विचारलं. "जेवायला वाढलंय. मघापासून."

मी टेप गुंडाळली आणि बाहेर आलो.